टोकाकडचं वजन

पातं हातात आलं की लोक ते एका बोटावर आडवं धरून बघतात. मुठीपासून चार बोटांवर ते स्थिरावलं की तोल उत्तम ठरतो. हत्यार घडवणारेही याच परीक्षेवर विसंबतात, आणि मला ते खटकतं. कारण या परीक्षेत पातं स्थिर असतं, काम मात्र ते फिरताना करतं. टोक जाड ठेवून मुठीत लोखंड भरलं, किंवा टोक निमुळतं करून मूठ हलकी ठेवली, तरी तोलाचा बिंदू एकाच जागी आणता येतो. दोन्हींचं एकूण वजनही सारखं ठेवता येतं. फिरवलं की फरक कळतो: पहिलं उचलताना अडतं आणि सुटलं की थांबत नाही. वळण्याला होणारा विरोध अंतराच्या वर्गानं वाढतो. हातापासून ६० सेंटीमीटरवरचे १० ग्रॅम जितके जाणवतात, तितकं जाणवायला १० सेंटीमीटरवर ३६० ग्रॅम लागतात. म्हणून मुठीत वजन घालून तोल ‘दुरुस्त’ करणं ही मला फसवणूक वाटते. टोकाचा भार तसाच राहतो, वर नवा चढतो.

जुन्या कारागिरांना हे ठाऊक होतं. चांगल्या जुन्या तलवारीची पाठ वरून पाहावी: मुठीशी जाड, आणि टोकाकडे जाताना जाडी सतत उतरत गेलेली. फिरंगेत परदेशी पात्याला देशी मूठ बसवत आणि मुठीमागे काटा ठेवत, म्हणजे गरज पडली तर दुसरा हात लावता यावा. दांडपट्ट्यात तर उत्तरच वेगळं काढलं आहे. पातं लांब, भार पुढे, पण पकड आडवी आणि कोपरापर्यंत लोखंडी खोबण. मनगटाला वळायचंच नाही, भार सबंध हातानं पेलायचा.

कोयता आणि कुऱ्हाड तर पुढेच जड असतात, मग काय, असं कुणी विचारेल. खरं आहे. तिथे घाव एकदा सुटला की परत वळवायचा नसतो, वजनच काम करतं. पण गव्हाच्या कापणीचा विळा ओढायचा असतो, दिवसभर. त्याच्या टोकाला कोयत्याचा भार देणं म्हणजे कापणाऱ्याचं मनगट खाणं. दुसरा आक्षेप ग्राइंडरचा: जाडी तर यंत्रानंही उतरवता येते. येते, आणि नीट उतरवली तर मला तक्रार नाही. पण पातळ टोक यंत्रावर क्षणात तापतं, दिलेलं पाणी उतरतं. नगावर मजुरी मिळणारा माणूस तिथे थांबत नाही. माळव्यात रस्त्याकडेला बसणारे गाडिया लोहार विळ्यासाठी ट्रकच्या पाट्याचा तुकडा तापवतात, बाई घण घालते, आणि लोखंड ठोकून पुढे सरकवत नेलं की जाडी आपसूक उतरते. त्या विळ्यांवर चकाकी नसते. ती नसलेली मला आवडते, हे सांगताना माझ्यातही अहंकार आहेच: लखलखीत पात्यापेक्षा उतरत गेलेली पाठ लोकांनी आधी पाहावी, अशी माझी हौस.

वय चढलं तसं मनगट या बाबतीत जास्त खरं बोलू लागलं आहे. टोकाला जरा जादा लोखंड असलं की ते लगेच सांगतं. पण टोक पातळ करत जायलाही हद्द आहे, आणि तिचा एकच आकडा नाही. जे टोक गव्हात सुखानं चालतं, तेच बाभळीच्या फांदीवर लवतं. म्हणून आधी विचारायचं ते हे: कापायचं काय आहे?