कंदील कुणाच्या हातात

नावाडी कंदील उचलतो, मुलीच्या हातात देतो, मुलगी वळून घाटाच्या पायऱ्या चढू लागते. एवढाच शॉट. चार सेकंदांचा, म्हणजे १२० फ्रेम. २०२०च्या मे महिन्यात एका परदेशी गेमच्या कटसीनमधला, म्हणजे खेळाच्या मधे येणाऱ्या छोट्या फिल्ममधला, हा शॉट माझ्या वाट्याला आला, तेव्हा मी टाळेबंदीमुळे दापोलीला आईकडे होते आणि ओटीवर टेबल टाकून काम करत होते. दोन दिवसांत देते, असं मी कळवूनही टाकलं.

पात्राच्या हातात वस्तू देणं हे आम्हा ॲनिमेटरांचं रोजचं काम. पात्राच्या कातडीखाली हाडांचा सांगाडा असतो. हाताच्या हाडावर सॉकेट बसवायचं. सॉकेट म्हणजे जागा आणि कल ठरवून दिलेला, न दिसणारा बिंदू. वस्तू त्याला जोडली की हात जाईल तिकडे ती जाते. तलवार, मशाल, चिठ्ठी, सगळं असंच चालतं. बोटं काहीच धरत नसतात, ती फक्त धरल्यासारखी मिटलेली असतात. वस्तू दोन्ही हातांत असेल, तर ती एकाच हाताला जोडतात आणि दुसऱ्या हाताला तिच्या मागे जायला लावतात. कारण संगणकाच्या हिशेबात वस्तूला एका वेळी एकच पालक असतो.

माझं घोडं इथेच अडलं. गेम ज्यात जुळतो त्या अनरियल इंजिनच्या सिक्वेन्सरमध्ये मी ७२व्या फ्रेमपर्यंत कंदील नावाड्याला जोडला आणि ७३व्या फ्रेमपासून मुलीला. चालवून पाहिलं, तर त्या फ्रेमला कंदील बोटभर उडाला. दोघांच्या मुठी अगदी एका जागी, एका कलाने कधीच नसतात. जोडताना कंदिलाची आहे ती जागा कायम ठेवायला सांगितली, तर उडी गेली, पण ते बोटभर अंतर तसंच राहिलं. मुलगी पायऱ्या चढतेय आणि कडी तिच्या मुठीच्या बाहेर तरंगतेय. आणि हा कंदील होता, पेटलेला. शॉटमधला सगळा उजेड त्याच्यात होता. वस्तू बोटभर सरकली, तरी मागच्या भिंतीवर नावाड्याची सावली हातभर दचकायची. पेला किंवा पुस्तक असतं, तर कदाचित कुणाच्या डोळ्यांत आलंही नसतं.

मग मी कंदील कुणाचाच न ठेवता त्याचं स्वतंत्र ॲनिमेशन माया या सॉफ्टवेअरमध्ये केलं आणि ते जसंच्या तसं इंजिनात आणलं. उडी गेली, पण आता हात आणि कंदील एकमेकांवर घासू लागले. इंजिनात आणताना ॲनिमेशनच्या डेटाचा आकार कमी करतात, तेव्हा प्रत्येक हाडात बारीकशी चूक शिरते, आणि खांदा, कोपर, मनगट अशी ती साठत जाते. त्याच सीनमध्ये नावाड्याचं दोन मीटरचं वल्हं होतं. मनगटाशी एक अंश चुकला, तर वल्ह्याचं टोक साडेतीन सेंटीमीटर सरकतं. कंदील तेवढा लांब नाही, पण मुठीत कडी वळवळताना दिसायला मिलिमीटरही पुरतात. दोनाचे आठ दिवस झाले. मी माफी मागून मुदत वाढवून घेतली.

३ जूनला निसर्ग वादळ आलं. आमच्या मागच्या माडांपैकी तीन पडले, पडवीची कौलं गेली, विजेचे खांब आडवे झाले. काम अर्थातच थांबलं. रात्री आईने माळ्यावरून कंदील काढला, काच राखेने पुसली, कधीचं जपून ठेवलेलं रॉकेल घातलं. पुढचे बरेच दिवस संध्याकाळ झाली की तो कंदील आमच्या दोघींच्या हातांतून फिरत होता, ओटीवरून माजघरात, माजघरातून पडवीत.

आई दर वेळी विचारायची, "धरलास?"

"धरला. सोड."

लहानपणापासून हे ऐकत आलेय. गरम पातेलं असो, भरलेली कळशी असो, विचारल्याशिवाय तिचा हात सुटत नाही. पण त्या अंधारात पहिल्यांदाच माझं लक्ष तिच्या बोटांकडे गेलं. मी कडी धरल्यावरही थोडा वेळ तिची बोटं तिथेच होती. त्या वेळात कंदील तिचाही होता आणि माझाही.

वीज आल्यावर मी आईला म्हटलं, तोच कंदील मला परत दे, फोनवर शूटिंग करते. तिने तो आधी पाण्याने भरला. "रिकाम्यावरून काय कळणार तुला?" असं म्हणाली. फोन सेकंदाला ३० चित्रं घेत होता आणि आमचा सीनही ३०चाच होता, म्हणून फ्रेम सरळ मोजता आल्या. दोघींचे हात एकदम कडीवर होते ११ फ्रेम. माझं मनगट आधी खाली दबलं, मग तिची बोटं उघडली, करंगळी सगळ्यात शेवटी, आणि भार गेल्यावर तिचा हात किंचित वर आला. आमच्या शॉटमध्ये यातलं काही नव्हतं. शॉटसाठी परदेशातल्या ज्या कलाकारांच्या हालचाली टिपल्या होत्या, त्यांच्या हातात कंदिलाऐवजी काहीतरी हलकं दिलं असावं. मनगटांना वजन ठाऊकच नव्हतं.

मी सगळं नव्याने केलं. देण्याआधी कंदील नावाड्याच्या सॉकेटला, देऊन झाल्यावर मुलीच्या, आणि मधल्या ११ फ्रेम कुणाच्याच नाहीत. तेवढ्यापुरतं मायामध्ये त्याला दोन्ही हातांना बांधलं, एकाचं बळ हळूहळू कमी केलं, दुसऱ्याचं वाढवलं, आणि शेवटच्या फ्रेमला तो बरोबर मुलीच्या सॉकेटवर टेकवला. तिथे जोड बदलली तरी उडायला काही उरलंच नाही. मुलीचं मनगट दाबलं. नावाड्याची करंगळी शेवटी सोडली. झोकाही बदलला, कारण मुठीपासून पाव मीटर खाली भार असेल, तर एक येणंजाणं साधारण सेकंदाचं असतं, म्हणजे ३० फ्रेमचं, आणि आधीचा कंदील त्याच्या दुप्पट वेगाने फडफडत होता. दिवा मात्र कंदिलाच्या हाडालाच जोडलेला ठेवला, म्हणजे भिंतीवरच्या सावल्या त्याच झोक्याने डोलल्या.

शॉट मंजूर झाला. शेरा दोन शब्दांचा होता.

गेम येईपर्यंत आईला दाखवायची परवानगी नव्हती. बाहेर आला, तेव्हा सुट्टीत घरी जाऊन तिच्यासमोर लॅपटॉप ठेवला. नदी, नाव, वल्हं, सगळं ती शांतपणे बघत होती. नावाड्याने कंदील पुढे केला, मुलीने कडीला हात लावला, तशी आई पुढे सरकली. नावाड्याची करंगळी सुटली.

"धरलान," आई म्हणाली, आणि मागे टेकून बसली.