पोरं उधळी नाहीत, दादा

गोराई २, बोरिवली (प.)

ती. स्व. दादास,
सा. न. वि. वि.

तुझं पत्र पोचलं. ‘दोघं कमावतात, मूलबाळ अजून नाही, मग घर का होत नाही? हॉटेलं आणि मोबाइल कमी करायला सांग,’ असं तू लिहिलंस. काळजीपोटी लिहिलंस हे कळतं. पण हा आरोप खरा नाही, आणि का खरा नाही ते आकड्यांनिशी सांगावं म्हणून फोन न करता पत्रच लिहायला बसले. सहकारी बँकेच्या कर्जखात्यात माझी सगळी नोकरी गेली. गृहकर्जाच्या फायली पगाराच्या स्लिपांपासून वाचल्यात मी.

तुझा मुलगा मुलुंडला पॅथॉलॉजी लॅबमध्ये, सूनबाई अंधेरीला सीप्झमध्ये. दोघांचे मिळून महिन्याला पंच्याऐंशी हजार हातात येतात. राहतात घाटकोपरला, पंतनगरमध्ये. तिथून तो सेंट्रलनं मुलुंडला जातो आणि ती मेट्रोनं मरोळ नाक्यापर्यंत. २०१४ मध्ये वर्सोवा-अंधेरी-घाटकोपर मेट्रो सुरू झाल्यापासून अशा जोडप्यांना घाटकोपर सोयीचं झालं, आणि त्याच कारणानं महागही. भाडं बावीस हजार. दर अकरा महिन्यांनी नवं अ‍ॅग्रीमेंट, प्रत्येक खेपेला थोडी वाढ. एवढं असूनही लग्नानंतर त्यांनी अकरा लाख जमवलेत. घरखर्चाची वही सूनबाई ठेवतात, ती मी पाहिली आहे. हॉटेलच्या नोंदी दोघांच्या वाढदिवसाला आहेत.

मग अडतं कुठे?

आता मुलुंड पूर्वेचं एक वन रूम किचन त्यांच्या मनात भरलं आहे. इमारत जुनी, मालक सत्तर लाख म्हणतो. बँक पगाराच्या साधारण निम्म्यापर्यंत हप्ता धरते, म्हणजे साडेबेचाळीस हजार. व्याज साडेआठ टक्के आणि मुदत वीस वर्षं धरली (दर थोडा जास्तच धरावा, तो खाली-वर होतो, मे २०२२ ते फेब्रुवारी २०२३ या काळात रेपो दर ४ वरून ६.५ टक्क्यांवर गेला होता), तर एवढ्या हप्त्यात एकोणपन्नास लाखांचं कर्ज बसतं. उरलेले एकवीस लाख पदरचे. त्यावर मुद्रांक शुल्क सहा टक्के, म्हणजे चार लाख वीस हजार. त्यातला एक टक्का एप्रिल २०२२ पासूनचा मेट्रो अधिभार. नोंदणी फी तीस हजार, दलाली सत्तर हजार. रिझर्व्ह बँकेच्या नियमाप्रमाणे मुद्रांक शुल्क आणि नोंदणी घराच्या किमतीत धरून कर्ज देता येत नाही, ते रोकडीनंच उभं करायचं. बेरीज सव्वीस लाख वीस हजार होते.

दादा, इथे जरा थांबून बघ. आज ते भाडं आणि बचत मिळून महिन्याला जेवढे बाजूला काढतात, जवळजवळ तेवढाच हा हप्ता आहे. म्हणजे दर महिन्याला घराचे पैसे भरायची ऐपत त्यांच्यात आहे. नाही ती एकरकमी सव्वीस लाखांची. आणि ते जमवत असताना भाडं चालूच राहतं, भावही थांबत नाही. अंधेरी, बोरिवली, मुलुंड, घाटकोपर कुठेही जा, मध्यम पगाराची मुलं याच एका ठिकाणी अडकलेली दिसतील.

घरं बघताना मी त्यांच्याबरोबर गेले आहे. बोरिवलीत एका फ्लॅटला दलालानं ‘साडेचारशे फूट’ सांगितलं. रेरा कायद्यानंतर, म्हणजे २०१७ पासून, बिल्डरला नवं घर कार्पेटवरच, म्हणजे भिंतींच्या आतल्या जागेवरच, विकावं लागतं. जुन्या घरांच्या बोलण्यात अजून बिल्टअप, सुपर बिल्टअप चालतं. सूनबाईंनी पर्समधून पोलादी टेप काढली. तुझा मुलगा भिंतीला एक टोक धरून उभा, ती मोबाइलवर गुणाकार करते आहे. बेरीज तीनशे बाराच्या वर जाईना. मग ओट्यापाशी गेली. ओटा संपतो तिथून दारापर्यंत अठ्ठावीस इंच. फ्रिज ठेवला तर त्याचं दार पॅसेजमध्ये उघडणार आणि बाथरूमला जाणाऱ्यानं ते बंद होईपर्यंत उभं राहायचं. तेही चालवून घेऊ म्हणाली. इतक्यात दलालानं आवाज खाली आणून विचारलं, ‘व्हाइट किती, कॅश किती?’ मालकाला पंधरा लाख रोख हवे होते. बँक कर्ज देते ते अ‍ॅग्रीमेंटच्या रकमेवर. रोखीच्या भागाला कर्ज नाही, पावतीही नाही. ज्याचा सगळा पैसा पगाराचा, त्याच्याकडे रोकड येणार कुठून? दोघं उठून निघाली. जिना उतरताना तुझा मुलगा एवढंच म्हणाला, ‘आत्या, आपले सगळे पैसे खात्यातच दिसतात.’

म्हाडाचं तू विचारलंस. भरला त्यांनी फॉर्म. २०२३ च्या मुंबई मंडळाच्या सोडतीत ४,०८२ घरं होती आणि अनामत भरून आलेले अर्ज सुमारे १ लाख २० हजार. सोडत १४ ऑगस्टला यशवंतराव चव्हाण प्रतिष्ठानमध्ये निघाली. पण घोळ वेगळाच आहे. म्हाडा कुटुंबाचं उत्पन्न म्हणून नवरा-बायको दोघांचं धरते. सहा लाखांपर्यंत अत्यल्प गट, नऊपर्यंत अल्प, बारापर्यंत मध्यम. यांचे दोघांचे मिळून दहा लाखांच्या वर जातात, म्हणून ते मध्यम गटात. खालच्या गटातल्याला वरच्या गटात अर्ज करता येतो, वरच्याला खाली नाही. आणि त्या सोडतीत मध्यम गटाला दीडशेसुद्धा घरं नव्हती! पहाडी गोरेगावची १,९४७ घरं, साधारण तीस लाखांची, सगळी अत्यल्प गटाला. ती तशी असायलाच हवीत, त्याबद्दल माझं काही म्हणणं नाही. पंचवीस-तीस हजार कमावणाऱ्याला मुंबईत दुसरं कोण घर देणार आहे? पण दोघांनी मिळून कमावलं की एका दारातून बाहेर, आणि बाजाराच्या दारात पोचायला पैसे कमी, अशी ही मधली मुलं आहेत.

नंबर लागला तरी सुटका होतेच असं नाही. गोरेगावच्या सिद्धार्थनगरची, ज्याला सगळे पत्राचाळ म्हणतात, तिची गोष्ट तू पेपरात वाचली असशील. ६७२ कुटुंबांचा पुनर्विकास, करार २००८ चा. त्याच प्रकल्पातल्या ३०६ घरांची सोडत म्हाडानं २०१६ मध्ये काढली. प्रकल्प रखडला, २०२२ मध्ये म्हाडानं स्वतः काम पुन्हा हाती घेतलं. नंबर लागलेली माणसं तोवर भाडंच भरत होती.

केंद्राच्या योजनांचंही सांगते, नाहीतर तू म्हणशील बेबीला सरकारचं काही चांगलं दिसत नाही. पंतप्रधान आवास योजनेचा दुसरा टप्पा २०२४ मध्ये आला. त्यात व्याजावर १ लाख ८० हजारांपर्यंत मदत आहे, पण घराची किंमत पस्तीस लाखांच्या आत हवी आणि वार्षिक उत्पन्न नऊ लाखांच्या. ‘परवडणाऱ्या’ नव्या घराला जीएसटी एक टक्का, पण मर्यादा पंचेचाळीस लाखांची. मुलुंड-बोरिवलीत या मर्यादांत बसणारं घर शोधत ही पोरं किती रविवार हिंडली, ते मी पाहिलं आहे.

तू लिहिलंस, ‘तुम्ही दोघांनी गोराईत केलंच ना?’ केलं. पण कसं केलं ते आठव. १९८५ मध्ये जागतिक बँकेच्या कर्जातून मुंबई नागरी विकास प्रकल्प आला आणि म्हाडानं गोराई, चारकोप, मालवणी इथे जमिनीचे तुकडे पाडून दिले. रस्ता, पाणी, गटार सरकारचं. घर ज्याचं त्यानं बांधायचं. पंचवीस-तीस-चाळीस चौरस मीटरचे प्लॉट, पस्तीस-पस्तीस कुटुंबांची एक सोसायटी, मध्ये मोकळं अंगण. मोठे प्लॉट बाजारभावानं विकून लहानांचा भार हलका केला होता. आमच्याकडे पहिल्या पावसाळ्यात चार भिंती आणि वर पत्रे होते. ह्यांचा बोनस आला तशी लादी, पुढे स्लॅब, मग पोटमाळा. एवढी रक्कम एकदम कधीच लागली नाही. आमची ऐपत तुझ्या मुलापेक्षा जास्त नव्हती रे, कमीच होती. आम्हाला पहिली पायरी गुडघ्याएवढी मिळाली, म्हणून चढलो.

नव्वदीच्या दशकात ते थांबलं. १९९५ मध्ये झोपडपट्टी पुनर्वसन प्राधिकरण आलं आणि सरकारचा भर जमीन देण्यावरून बिल्डरला जादा एफएसआय, म्हणजे जास्त बांधकामाची परवानगी, देण्याकडे गेला. त्यातून झोपडीतल्या माणसाला घर मिळालं, वरच्या टॉवरमधली घरं पैसेवाल्यांनी घेतली. पगारदार भाडेकरूसाठी त्यात जागा नव्हती, आजही नाही. मला राग येतो तो याचा. गोराई-चारकोप फसलेलं नव्हतं. ज्यांना दिलं त्यांनी उभं करून दाखवलं, तरी तसं पुन्हा केलं नाही.

विरारला घ्या म्हणतोस. विरार-बोळींजला म्हाडाची हजारो घरं बराच काळ विकली न जाता पडून होती, पाण्याची अडचण हे त्याचं मोठं कारण. आता पाणी आलं आहे. पण विरारहून मुलुंडला जायचं म्हणजे दादरला गाडी बदलायची, म्हणजे रोजचे चार तास गाडीत. बदलापूर त्याला जमेल, सूनबाईंना नाही. घर स्वस्त पडलं तरी रोजच्या जाण्यायेण्यात एकाची नोकरी गेली, तर हप्ता भरणार कोण?

म्हणून माझं म्हणणं मुलुंडच्या घराबद्दल आहे. कागद मी पाहिले. ओसी, म्हणजे भोगवटा प्रमाणपत्र, आहे, सोसायटीचं शेअर सर्टिफिकेट आहे, कन्व्हेयन्स होऊन जमीन सोसायटीच्या नावावर झालेली आहे. उद्या पुनर्विकास निघाला तर हेच महत्त्वाचं. आधीच्या खरेदीच्या नोंदणीचा उतारा, म्हणजे इंडेक्स टू, जुळतो. मालक सगळे पैसे चेकनं घ्यायला तयार आहे.

घर एकट्या सूनबाईंच्या नावावर घ्यावं असं मला वाटतं. घेणारी फक्त स्त्री असेल तर मुद्रांक शुल्कात एक टक्का सूट मिळते, इथे सत्तर हजार. नवऱ्याचं नाव जोडलं की सूट जाते. कर्जात दोघं सहअर्जदार राहू शकतात. तुला हे पटायला वेळ लागेल, ठाऊक आहे मला. पण अकरा लाखांत तिची बचत निम्म्याहून जास्त आहे, हे तुला कोणी सांगितलेलं नाही.

आता पैशांचं. सूट धरून लागणार साडेपंचवीस लाख. अकरा त्यांचे, दोघांच्या पीएफमधून तीन निघतात. वहिनींच्या पाटल्यांना हात लावू नकोस, त्या तशाच राहू देत. चिपळूणच्या घरावर दुसरा मजला काढायला तू पोस्टात आठ लाख ठेवले आहेस. मुलगा गणपतीला पाच दिवस येतो, तेवढ्याला खाली जागा पुष्कळ आहे. ते आठ त्याला आत्ता दे. उरलेले साडेतीन मी घालते. माझी एफडी पुढच्या महिन्यात पिकते.

मालक दसऱ्यापर्यंत थांबायला तयार आहे, त्याआधी टोकन द्यावं लागेल. वहिनींशी बोल आणि फोन कर. सूनबाईंना पैशांच्या आणि नावाच्या या बेताचं काही माहीत नाही. तुझा होकार आला की तूच तिला कळव.

वहिनींना नमस्कार.

तुझी,
बेबी