भिंत वाचणारी माणसं

भेटेल त्याला मी सध्या एकच गोष्ट सांगत सुटलेय: क्लाइंबिंगची फायनल बघा! २०२४च्या पॅरिस ऑलिंपिकमधली मिळेल ती बघा, पण बघाच! प्रस्तरारोहण म्हटलं की माझ्या डोळ्यांपुढे यायचे नागफणी, तैलबैला, लिंगाणा आणि रविवारी दोर घेऊन सह्याद्रीत जाणारी मंडळी. त्याचे सामने होतात, त्यात पदकं मिळतात आणि ते बघताना आपल्याच तळहातांना घाम फुटतो, हे मला ठाऊकच नव्हतं!

प्रकार तीन. आधी स्पीड. पंधरा मीटर उंचीची, किंचित पुढे झुकलेली भिंत. जगभर मार्ग एकच, हातापायांच्या आधारासाठी बसवलेले होल्ड त्याच जागी. दोघं शेजारी शेजारी सुटतात आणि आपण पापणी लवेपर्यंत वर! पॅरिसच्या अंतिम फेरीत इंडोनेशियाचा वेद्रिक लिओनार्दो ४.७५ सेकंदांत पोचला, चीनचा वू पेंग ४.७७ सेकंदांत. चार-पाच मजले, तेही पाच सेकंदांच्या आत! इंडोनेशियाचं बॅडमिंटनबाहेरचं हे पहिलं ऑलिंपिक सुवर्ण.

पण मला खरं वेड लावलं ते बोल्डरिंग आणि लीडने. बोल्डरिंगमध्ये भिंत बुटकी असते, दोर नसतो, खाली जाड गाद्या असतात आणि वेळ संपेपर्यंत हवे तितके प्रयत्न करता येतात. लीडमध्ये दोर असतो, उंच भिंत असते, सहा मिनिटं असतात आणि प्रयत्न एकच. हात सुटला की संपलं. दोन्हींत मार्ग कोरा करकरीत, खास त्या फेरीसाठी लावलेला. खेळाडूंनी तो आधी पाहू नये म्हणून त्यांना वेगळं ठेवतात, फोनसुद्धा जवळ ठेवू देत नाहीत.

मग सगळ्यांना एकदमच भिंतीपुढे आणतात, मार्ग वाचायला. हा भाग मी पुन्हा पुन्हा पाहते! थोड्या वेळाने एकमेकांशी लढणारे हे खेळाडू खांद्याला खांदा लावून उभे राहतात, माना वर करतात आणि हवेत हात चालवू लागतात. डावा इथे, उजवा तिथे, मग टाच अडकवायची, मग झेप. एकजण दुसऱ्याला काहीतरी विचारतो, दुसरा मनगट वळवून दाखवतो. प्रतिस्पर्धी मिळून कोडं सोडवताहेत, आणि तेही अंतिम फेरीच्या तोंडावर! असं दृश्य मी दुसऱ्या कुठल्याही खेळात पाहिलेलं नाही.

हे पाहून राहवेना म्हणून मी शहरातल्या एका कृत्रिम भिंतीवर गेले. बोटांना पांढरी पावडर लावली, हार्नेस बांधला. खालून सरळसोट वाटणारी भिंत जवळून केवढी बोलकी निघाली! एक होल्ड गुळगुळीत, फुगीर, नुसत्या तळव्याच्या घर्षणावर धरायचा. दुसऱ्याची कड जेमतेम बोटाच्या पेराएवढी. दोर सांभाळणारा मुलगा खालून सांगत होता, “ताई, हात सरळ ठेवा, पायांवर उभ्या राहा!” मी कंबर भिंतीकडे वळवली आणि मघापर्यंत लांब असलेला होल्ड अचानक हातात आला. ताकद तेवढीच, अंग फक्त वळलं होतं. त्या क्षणापासून मी या खेळाची झाले.

डोंगरात पदकं कशाला, असं विचारणारे आहेत, आणि त्यांच्या म्हणण्याला इतिहास आहे. १९८५मध्ये फ्रान्सच्या १९ नामवंत आरोहकांनी स्पर्धांविरुद्ध जाहीरनामा काढला होता. त्याच वर्षी इटलीत बार्दोनेक्किया इथे खऱ्या कड्यावर मोठी स्पर्धा झाली. पण ऑलिंपिक आणि डोंगर यांचं नातं त्याहून जुनं आहे! १९२२च्या एव्हरेस्ट मोहिमेला १९२४मध्ये शामोनीत ऑलिंपिक पदकं दिली गेली. मॅटरहॉर्नची उत्तर भिंत चढणाऱ्या श्मिड बंधूंना १९३२च्या लॉस एंजेलिसमध्ये सुवर्ण मिळालं. ते केलेल्या पराक्रमाचे सत्कार होते. आता पराक्रम आपल्या डोळ्यांदेखत घडतो.

ऑलिंपिकमधल्या सामन्यांची सुरुवात अवघडच झाली. टोकियोत तिन्ही प्रकारांना मिळून एकच पदक, आणि क्रमांकांचा चक्क गुणाकार! स्लोव्हेनियाची यान्या गार्नब्रेट स्पीडमध्ये पाचवी, बाकी दोन्हींत पहिली; पाच गुणिले एक गुणिले एक, म्हणून सुवर्ण. पॅरिसमध्ये स्पीड वेगळं केलं, गार्नब्रेटने पुन्हा सुवर्ण जिंकलं. त्याच फायनलमध्ये जपानच्या आय मोरीचे हात बोल्डरिंगच्या पहिल्या मार्गावर सुरुवातीच्या होल्डपर्यंत पोचेनात. ती उड्या मारत राहिली, त्या मार्गावर शून्य गुण मिळाले. मग लीडमध्ये तीच मुलगी सगळ्यांच्या वर गेली आणि एकूण चौथी आली! कमी उंचीच्या खेळाडूला सुरुवातच करता येऊ नये, हे मला पटत नाही. मार्ग लावणाऱ्यांना याचं उत्तर द्यावंच लागेल. पण तिचं ते लीड बघून मी टाळ्या वाजवत उभी राहिले.

आणि हे सगळं आपल्या दारात येऊन गेलंय! २०१६मध्ये बोल्डरिंगचा विश्वचषक सामना नवी मुंबईत झाला होता, गिरिविहार संस्थेच्या पुढाकाराने. सह्याद्रीचा कातळ उशाशी असलेल्या आपल्या मुलांना हा खेळ परका कसा असेल?

म्हणून मी ठामपणे म्हणते, क्लाइंबिंगची जागा सर्वांत मोठ्या स्पर्धांमध्येच आहे. अनोळखी कड्यापुढे उभं राहून वाट शोधणं हा आरोहणाचा जीव, आणि तो स्टेडियममध्येही शाबूत राहिलाय. वर्षानुवर्षांचा सराव घेऊन आलेल्यालाही तिथे पुढची चाल तिथल्या तिथेच सुचावी लागते. २०२८च्या लॉस एंजेलिसमध्ये स्पीड, बोल्डरिंग, लीड तिन्हींना वेगवेगळी पदकं आहेत आणि पॅरा-क्लाइंबिंग पहिल्यांदाच पॅरालिंपिकमध्ये येतंय. तेव्हा बघायला बसाल तर एवढं करा: खेळाडू मार्ग वाचायला आले की तुम्हीही वाचा. डावा हात कुठे, पाय कुठे, झेप कधी, ते ठरवून टाका. मग पहिला खेळाडू भिंतीला हात लावेल, आणि तुम्ही प्रेक्षक उरणारच नाही!