उजवीकडून वाचलेला नागराज

आम्ही उर्दूत शिकलो, दखनीत भांडलो, मराठीत अर्ज लिहिले आणि कॉमिक मात्र हिंदीत वाचले. मराठवाड्यातल्या मुसलमान घरांत ही कसरत नवी नाही. पण तिच्यातल्या शेवटच्या भागाविषयी कुणी लिहीत नाही. गझल, कव्वाली, हैदराबाद संस्थानाच्या आठवणी हे आपले ठरलेले विषय. कॉमिक म्हणजे पोरकटपणा, असे समजून तो कप्पा बंदच राहतो.

आम्ही म्हणजे कदीम जालन्यातले चौघे. एकाचे सायकल दुरुस्तीचे दुकान, दुसरा मोटार रिवाइंडिंग करतो, तिसरा स्टीलच्या रोलिंग मिलमध्ये पाळीवर जातो आणि चौथा बी.एड. करून उर्दू शाळेत शिकवतो. चौघांची तिशी उलटून गेली आहे. इशाच्या नमाजानंतर सायकलच्या दुकानाच्या ओट्यावर बसतो तेव्हा पगार, पाणी आणि पोरांची लग्ने हे विषय संपले की गाडी नागराजवर येतेच. घरचे हसतात. हसू द्या.

कॉमिक आम्हांला भाड्याने मिळायचे. किराणा दुकानाच्या दारात सुतळीला लटकलेली, मुखपृष्ठ चिकटपट्टीने सांधलेली. रुपया दिला की एक दिवस. त्या एका दिवसात एक कॉमिक चार घरे फिरायचे. उर्दू शाळेत देवनागरी आम्हांला उशिरा आणि जड गेली. पण आमचे हिंदी-मराठी वाचन वेगात आणले ते त्या रुपयावाल्या वहीने, हे आम्ही छातीवर हात ठेवून सांगू. सुरुवातीला एक गंमत व्हायची. उर्दू उजवीकडून वाचायची सवय, म्हणून आमचा एक जण चित्रचौकटीही उजवीकडूनच बघायचा. त्याच्या नागराजात खलनायक आधी मरून पडायचा आणि मग मारामारी सुरू व्हायची! तो आजही म्हणतो, "तशी श्टोरी बी समजतीच थी यार."

इंद्रजाल कॉमिक्स आमच्या आधीच्या पिढीचे. टाइम्स ऑफ इंडियाने 1964 साली ते सुरू केले आणि 1990 साली बंद केले. इंग्रजी, हिंदीप्रमाणे मराठीतही ते निघायचे. आमच्या हाती आले ते थोरल्या भावांच्या ट्रंकेतून, वाळवीने कडा खाल्लेले. ली फॉकने 1936 साली अमेरिकेत निर्माण केलेला फँटम मराठीत आला तो वेताळ होऊन. हे नाव ज्याने सुचवले त्याला आमचा सलाम. आपल्याकडे गावोगावी शिवेवर शेंदूर फासलेला वेताळ असतो, आणि 'चांदोबा'त विक्रमाच्या खांद्यावर लटकलेला वेताळ असतो. त्यात हा तिसरा, जांभळ्या कपड्यांतला, कवटीच्या गुहेत राहणारा. शेजारचे मित्र त्याला देव समजत नव्हते की आम्ही त्याला कुफ्र समजत नव्हतो. वेताळ सगळ्यांचा होता.

मग राज कॉमिक्सचा जमाना. नागराज 1986 साली आला, सुपर कमांडो ध्रुव त्याच्या पुढच्या वर्षी, डोगा नव्वदीच्या दशकात. ओट्यावरचे खरे वाद इथे सुरू होतात. नागराज पहिल्यांदा चितारला तो प्रताप मुळीक यांनी. मुळीक पुण्याचे, अमर चित्र कथेत पुराणातली नि इतिहासातली माणसे रंगवून हात बसलेले. त्यामुळे त्यांचा नागराज हिरव्या खवल्यांचा असूनही माणूस वाटतो. अंग सडपातळ, उभे राहण्यात एक डौल, चेहऱ्यावर थोडी उदासी. त्याच्या रक्तात सूक्ष्म साप राहतात ही कल्पना ऐकायला हास्यास्पद, पण मुळीकांच्या रेषेमुळे ती पटते. पुढे अनुपम सिन्हांनी त्याला हाती घेतले तेव्हा दंड फुगले, चौकटी गच्च भरल्या, एका पानावर दहा-दहा माणसे लढू लागली.

रिवाइंडिंगवाला सिन्हांच्या बाजूचा. त्याचे म्हणणे, ध्रुव लिहिला सिन्हांनी आणि काढलाही सिन्हांनी, म्हणून त्यात गोष्ट आणि चित्र एकमेकांना धरून चालतात. ध्रुवजवळ कसलीच दैवी शक्ती नाही. सर्कशीत वाढलेला पोरगा, अक्कल आणि थोडे विज्ञान वापरून सुटतो. मोटारीचे कॉइल गुंडाळणाऱ्या माणसाला हे आवडणारच. मिलवाला डोगाचा. डोगा मुंबईचा, उकिरड्यावर सापडलेला, कुत्र्याच्या मुखवट्यातला. मनूने काढलेल्या त्या काळोख्या चौकटी त्याला रात्रपाळीची आठवण देतात. शाळेतल्याला मात्र डोगाची भीती वाटते. जो कुणाला न विचारता गोळी घालतो आणि वाचक टाळ्या वाजवतो, त्या न्यायात आपल्यासारख्यांचा नंबर केव्हा लागेल सांगता येत नाही. या मुद्द्यावर ओटा गप्प होतो. मग कुणीतरी चहा सांगतो.

चित्रकाराचे नाव आम्ही लहानपणी वाचतच नव्हतो. पहिल्या पानावर बारीक अक्षरांत ते असायचे, पण आम्हांला घाई मारामारीची. पुढे कधीतरी थोरल्या भावाच्या ट्रंकेतला 'बहादूर' पुन्हा चाळताना एक नाव दिसले आणि आम्ही थांबलो. आबिद सुरती.

आधी वाटले, दुसराच कुणी असेल. तसे नव्हते. 1935 साली गुजरातेत जन्मलेला आणि मुंबईच्या डोंगरीत वाढलेला हा माणूस. 'धर्मयुग'मधला ढब्बूजी त्याचाच. 1976 साली त्याने इंद्रजालसाठी बहादूर घडवला आणि गोविंद ब्राह्मणियांनी तो चितारला. वेताळ, मँड्रेक या परदेशी पाहुण्यांच्या पंगतीत बसलेला हा आपल्या मातीतला नायक. कुर्ता आणि जीन्स. बाप डाकू, पोलिसांच्या गोळीने मेलेला. मुलगा सूड घ्यायला निघतो आणि बापाचा खरा चेहरा कळल्यावर गावाच्या रक्षणासाठी नागरिकांचे दल उभारतो. बंदूक सोडून आलेल्यांना तो जगायची दुसरी संधी देतो. ब्राह्मणियांची रेषा मुळीकांइतकी देखणी नाही. पण घोडे, बीहड, ओढणी सावरून धावणाऱ्या बाया, मिशीवाले मुखिया हे सगळे त्यांनी कुठेतरी पाहिलेले असावे असे वाटते. वेताळाच्या जंगलात ते वाटत नाही.

एका हिंदू डाकूच्या मुलाची गोष्ट डोंगरीच्या मुसलमानाने रचली, आणि ती ब्राह्मणियांनी रंगवली. लाखो पोरांनी वाचली. कुणी विचारले नाही की लिहिणारा कोण. हे चांगले झाले की वाईट? यावर आमचे एकमत नाही. सायकलवाला म्हणतो, नाव न बघता वाचले हीच त्या काळाची श्रीमंती. आम्हां बाकीच्यांना वाटते, नाव आधी कळले असते तर आपल्यातल्या चार पोरांनी पेन्सिल लवकर उचलली असती.

कारण हा प्रश्न आता वर्गातून येतो. सातवीतल्या एका पोराने मधल्या सुट्टीत विचारले, "सर, अपने में का कोई हीरो नै क्या? सब पिक्चरां में अपन तो दुसरी बाजू सेच रैते." बारा वर्षांचे पोर. आम्ही लगेच काही बोललो नाही. 'हौ, है ना' म्हणून टाळणे सोपे होते.

दुसऱ्या दिवशी फळ्यावर अमीर हमजाचे नाव लिहिले. घरातल्या नानी-दादींनी अम्रो अय्यारच्या जंबीलची गोष्ट सांगितलेली असते. त्या झोळीत अख्खी दुनिया मावते. सोळाव्या शतकात अकबर बादशहाने हमजानामा चितारून घेतला. कापडावरची मोठमोठी सुमारे 1,400 चित्रे, पंधरा वर्षांचे काम. मीर सय्यद अली आणि अब्दुस्समद हे त्या कारखान्याचे प्रमुख. चित्राच्या मागच्या बाजूला मजकूर. अकबराला स्वतः वाचता येत नसे असे इतिहासकार सांगतात. म्हणजे कुणीतरी वाचायचे आणि बादशहा चित्र बघत ऐकायचा. राक्षस, जादूगार, अय्यार, आकाशातून झेप. पोरे म्हणाली, "सर, ये तो कॉमिकच है!" आम्हांलाही तेच म्हणायचे होते.

आणि नव्यातली कमला खान. 2014 साली मार्व्हलने 'मिस मार्व्हल' या नावाने तिचे स्वतंत्र कॉमिक काढले. जर्सी सिटीत राहणारी पाकिस्तानी घरातली सोळा वर्षांची मुलगी. जी. विलो विल्सन यांनी लिहिली, सना अमानत संपादक, एड्रियन अल्फोना चित्रकार. पहिल्या खंडाला 2015 साली ह्यूगो पुरस्कार मिळाला. ओट्यावर मोबाइलच्या पडद्यावर आम्ही तो वाचला, पाने बोटांनी मोठी करून. अल्फोनाची रेषा बारीक, जरा विस्कटलेली. मागच्या दुकानांच्या पाट्यांवर आणि डब्यांवरही तो विनोद लपवतो. पण आम्ही थांबलो ते वेगळ्या जागी. कमलाला शक्ती मिळते तेव्हा ती आधी सोनेरी केसांची गोरी बाई होते. तिला वाटते, हीरो म्हणजे असाच दिसतो. मग कळते की हा चेहरा आपला नाही. पुढे ती आपल्या बुर्किनीपासून पोशाख करते आणि स्वतःच्याच चेहऱ्याने लढते. मिलवाला एवढेच म्हणाला, "हमारे पास बी आधे लोगां वोइच बाल रंगा रै."

वर्गात मग आम्ही पोरांना सांगितले, तुमचा हीरो काढा. कागद शाळेचा, पेन्सिल तुमची. अट एकच, तो जालन्यातच राहत असला पाहिजे. उर्दूत लिहिले म्हणून चौकटी आपोआप उजवीकडून डावीकडे गेल्या. आमच्या मित्राची ती जुनी गंमत इथे नियमच झाली. जपानी कॉमिकही असेच उजवीकडून चालते, हे सांगितल्यावर वर्गाची मान ताठ झाली.

अडचणही आली. एकीच्या घरून निरोप आला की जिवंत माणसाचे चित्र काढणे बरे नाही. आम्ही वाद घातला नाही. पोरीनेच तोड काढली. तिने सगळ्यांना मुखवटे घातले आणि डोळ्यांत बाहुल्या काढल्या नाहीत. म्हणाली, "सर, वेताळ के आँख में बी नै रैते." खरेच नसतात. घरच्यांनी कागद पाहिला आणि पुढे निरोप आला नाही.

तिच्या हीरोची शक्ती काय होती? तो गळणारे नळ बंद करायचा. जालन्याच्या पोरांना पाण्याविषयी सांगावे लागत नाही. 2012-13चा दुष्काळ यांनी पाहिला नाही, पण त्यांच्या आयांनी टँकरमागे धावून पाहिला आहे. तो कागद बघून आम्हांला पुन्हा आबिद सुरतीच आठवले. 2007 साली या माणसाने मीरा रोडला दर रविवारी एक प्लंबर घेऊन दारोदार जायला सुरुवात केली, गळके नळ फुकट दुरुस्त करायला. पहिल्या वर्षात 1,666 घरे आणि 414 नळ. बहादूर रचणारा सत्तरी गाठल्यावर स्वतःच बहादूर झाला, अंगावर मुखवटा न चढवता. त्या दिवशी गणिताचा तास नळावर घेतला. सेकंदाला एक थेंब, म्हणजे दिवसाला 86,400 थेंब. वीस थेंबांचा एक मिलिलिटर धरला तर चार लिटरच्या वर, महिन्याला सुमारे 130 लिटर. पोरांनी मोहल्ल्यातले गळके नळ मोजून आणले. आकडा इथे लिहीत नाही. मोहल्ल्याची इज्जत आहे.

सगळ्यांत चांगले कागद होते एका पोराचे. त्याची रेषा पाहून मुळीकांची आठवण यावी. आठवीनंतर तो शाळेत आला नाही. आता गॅरेजच्या बाजूला गाड्यांच्या नंबर प्लेट आणि रेडियमची अक्षरे कापतो. भेटायला गेलो तेव्हा वडील म्हणाले, "सर, तस्वीरां से पेट नै भरता." त्यांचे चुकत नव्हते. मुळीकांचे, सिन्हांचे भरले, पण त्यासाठी छापणारा लागतो, विकत घेणारा लागतो, पहिल्या पानावरचे बारीक नाव वाचणारा लागतो. उर्दूत आज असे कॉमिक पोरांच्या हाती येत नाही. मराठीत आपल्या वस्तीतले पोर नायक आहे असे कॉमिक आम्ही पाहिलेले नाही.

म्हणून या अंकाच्या वाचकांना आमची विनंती आहे. आपल्यात कथा लिहिणारे पुष्कळ झाले. त्यांतल्या एखाद्याने आपली एक कथा अशा पोराच्या हवाली करावी. मराठीत करा, उर्दूत करा, चौकटी डावीकडून लावा की उजवीकडून, कागदाला फरक पडत नाही. जालन्याच्या त्या गॅरेजशेजारी टेम्पोच्या मागच्या फळीवर सध्या एक हिरवा नागराज उभा आहे. सडपातळ, जरा उदास. खाली कोपऱ्यात, अगदी बारीक अक्षरांत, काढणाऱ्याने उर्दूत आपले नाव घातले आहे. टेम्पो दिसला तर तेवढे वाचा.