सोन्याचा भार

सोनें महाग आहे हें सांगावयास कोणी शिक्षक लागत नाहीं. पण सोनें जड आहे हें चांगल्या जाणत्या माणसालाहि हातांत घेतल्यावांचून पटत नाहीं. याचें कारण उघड आहे. आपल्यासारख्या मध्यम स्थितीच्या कुटुंबांत सोनें येतें तें गुंजेगुंजेनें. आठ गुंजांचा मासा, बारा माशांचा तोळा, आणि तोळा भरला कीं घरांत गोडधोड! हा तोळा म्हणजे साडेअकरा ग्रॅमांहून किंचित् अधिक. आकारानें पाहूं गेल्यास एखाद्या टपोऱ्या काबुली चण्याएवढा. असे दहा तोळे एकत्र आटवले तर सुपारीएवढा गोळा होईल. तेवढ्याचा भार हाताला काय जाणवणार?

म्हणूनच सिनेमांतील चोर सोन्यानें भरलेली पेटी खांद्यावर टाकून पळत सुटतो, तेव्हां प्रेक्षकांपैकीं कोणीहि हंसत नाहीं. दुधाच्या एक लिटरच्या पिशवीइतकें शुद्ध सोनें घेतलें तर त्याचें वजन एकोणीस किलोंहून अधिक भरेल. दोन फूट लांबीची साधी पत्र्याची ट्रंक सोन्यानें गच्च भरली तर ती हजार किलोंच्या पुढें जाईल. चोर तर राहोच, पण तिला हलवावयास हमालांची एक टोळीहि पुरणार नाहीं. आपण जड वस्तूला ‘शिशासारखी जड’ म्हणतों. पण शिसें पाण्याच्या सवाअकरा पट आणि सोनें एकोणीस पटींहून अधिक! पाऱ्यावर लोखंड तरंगतें, सोनें मात्र त्यांतहि बुडतें. सोन्याहून जड धातू आहेत, नाहींत असें नाहीं. प्लॅटिनम आहे, सर्वांहून जड असें ऑस्मियम आहे. पण त्यांचे दागिने आमच्या आजीच्या पेटींत नव्हते.

हें सर्व आम्हांस पाठ होतें. आर्किमिडीजची आणि राजाच्या मुकुटाची गोष्ट तर आम्हीं वर्गांत इतक्या वेळां सांगितली आहे कीं, मुलें आमच्या आधीं हंसतात. तरीहि हें ज्ञान किती वरवरचें होतें तें 2018 च्या श्रावणांत आमच्या मोरीनें दाखवून दिलें.

आमचें जुनें घर नाशकांत सराफ बाजाराच्या पाठीमागच्या एका गल्लींत आहे. भांडीं घासतांना घरांतील मंडळींच्या बोटांतून एक वळें निसटलें. अर्ध्या तोळ्याचें वळें. पण तें आमच्या मातोश्रींचें. त्यांच्या बाकीच्या सोन्याची वाटणी होऊन तें चार घरीं गेलें होतें; आमच्याकडे एवढेंच उरलें होतें. दोन दिवस मंडळींनीं तें कोणाला सांगितलें नाहीं. तिसऱ्या दिवशीं जेवतांना त्यांच्या डोळ्यांत एकाएकीं पाणी आलें, तेव्हां आम्हांस कळलें.

आम्हीं लागलीच विचार केला. ज्या पाण्यानें बटाट्याच्या साली आणि निर्माल्य वाहून जातें, तें पाणी दोन दिवसांत वळ्यालाहि नेणार. तेव्हां गल्लीच्या टोंकाशीं, जेथें आमचें गटार मोठ्या नाल्याला मिळतें, तेथें शोध घ्यावयाचा! चिरंजीवांना बरोबर घेऊन आम्ही तेथें तासभर काठीनें चिखल ढवळीत उभे राहिलों. हातीं लागल्या दोन बाटलीच्या टोप्या.

सराफ बाजारांत पहांटे झारेकरी दिसतात. सोनारांच्या पेढ्यांसमोरची धूळ झाडावी, गटारांतील गाळ काढावा, तो उथळ परातींत घेऊन पाण्यांत फिरवावा आणि तळाशीं राहील तें पाहावें, असा हा पिढ्यान्‌पिढ्यांचा धंदा. वाळू पाण्याच्या अडीच पटींहून थोडी जड. पाण्यांत बुडतांच तिचें एक तृतीयांशाहून अधिक वजन नाहींसें होतें. सोन्याचें मात्र जेमतेम एकोणिसावा हिस्सा कमी होतें. म्हणून हलक्या हातानें परात फिरवली कीं वाळू उठून जाते आणि सोनें जागचें हलत नाहीं. बारीक कण पाऱ्यानें धरतात व पारा तापवून उडवतात. तो धूर छातींत किती जातो याचा हिशेब कोणी ठेवीत नाहीं.

त्यांपैकीं एक वयस्क बाई आमची धडपड पाहत उभी होती.

“सर, वस्तू पडली कुठं?” तिनें विचारलें.

“घरच्या मोरींत, मावशी.”

“मग इथं काय शोधता? सोनं पाण्याबरोबर फिरायला जात नाही. पडतं तिथंच बसतं.”

मोरीचें पाणी बाहेर पडतें तेथें एक फरशी आहे. ती उचलून मावशी ओंजळीओंजळीनें गाळ काढूं लागली. आणि येथें आम्हांस जें लिहावयाचें आहे तें लिहितांना लाज वाटते. आम्ही तिच्या बोटांवर नजर ठेवून होतों. अंगावरची छत्री सरकली, पावसानें खांदा भिजला, पण आमची दृष्टि तिच्या हातांवरून हलली नाहीं. तिनें मान वर केली नाहीं. आमच्याकडे एकदांहि पाहिलें नाहीं.

तिसऱ्या परातींत वळें निघालें. तिनें तें पाण्यानें धुतलें, तळहातावर क्षणभर तोललें आणि म्हणाली, “अर्ध्याला थोडं कमी.” झिजलें होतें, मातोश्रींच्या आणि मग मंडळींच्या बोटांत चाळीस वर्षें होतें. मग, कोणीं कांहीं मागितलें नसतां, तिनें दोन्ही हात उघडून आमच्यापुढें धरले, बोटें फांकवलीं, पदराचें टोंक झटकून दाखवलें आणि परात उलटी केली.

मंडळींनीं तिला आंत बोलावलें. चिखलाचे पाय म्हणून ती उंबरठ्याबाहेरच बसली आणि तेथेंच चहा घेतला. आम्हीं दिलेल्या नोटा तिनें न मोजतां कनवटीला लावल्या व फरशीखालचा उरलेला गाळ नेऊं का म्हणून विचारलें.