कॉलनीतल्या सतरा सायकली

आमच्या इमारतीच्या पार्किंगमध्ये सतरा सायकली आहेत. मागच्या दिवाळीत साफसफाईच्या निमित्ताने मी त्या मोजल्या. बहुतेकींच्या चाकांत हवा नव्हती, चेनी गंजल्या होत्या आणि एकीच्या बास्केटमध्ये मांजरीने चक्क संसार थाटला होता. रोज हलणारी सायकल एकच, तळमजल्यावरच्या आजोबांची. खरे तर रोज वापरातली आणखी एक सायकल होती, पण ती फाटकाबाहेर विजेच्या खांबाला साखळीने बांधलेली असे. तिच्याबद्दल पुढे सांगते.

या सतरांपैकी निम्म्या २०२०च्या टाळेबंदीनंतर आलेल्या. शाळा बंद, मैदाने बंद, मुले घरात कोंडलेली. तेव्हा ज्याने त्याने मुलांना सायकली घेऊन दिल्या. शाळा सुरू झाल्या आणि सायकली जिन्याखाली गेल्या. मुलेही वाढली. ज्याच्यासाठी वीस इंची सायकल घेतली, त्याचे गुडघे आता हँडलला लागतात.

आमचे पुणे एके काळी सायकलींचे शहर म्हणून ओळखले जायचे, हे आता मुलांना सांगितले तर त्यांना गंमत वाटते. माझे वडील कारखान्यात सायकलनेच जात. सायकलला पालिकेचा बिल्ला लावावा लागे, रात्री दिवा नसला किंवा कुणी डबलसीट दिसला की पोलीस चाकातली हवा सोडून देत, असे ते सांगायचे. तासावर भाड्याने सायकली देणारी दुकाने जवळपास प्रत्येक पेठेत असत. उंच सायकलच्या दांडीखालून पाय घालून, अर्धे पायडल मारत आमच्या पिढीने सायकल शिकून घेतली, ती याच भाड्याच्या सायकलींवर. पुढे घरोघरी स्कूटर आल्या, मग मोटारी. २०१७ साली महापालिकेने शहरासाठी सायकल आराखडा मंजूर केला. मोबाईलवर कुलूप उघडणाऱ्या भाड्याच्या सायकलीही त्याच सुमारास आल्या आणि थोड्याच काळात दिसेनाशा झाल्या. आराखडे होत राहतील. माझा प्रश्न त्याहून साधा होता. माझी तेरा वर्षांची मुलगी घरापासून दीड किलोमीटरवरच्या शिकवणीला स्वतःची स्वतः कधी जाणार?

तुमच्याही घरी हे चित्र असेल. संध्याकाळी कुकर लावायचा, गॅस बंद करायचा, स्कूटर काढायची, मुलीला सोडायचे. परत यायचे, पोळ्या करायच्या, पुन्हा स्कूटर काढायची, तिला आणायचे. मधल्या वेळात धाकट्याचा तबल्याचा क्लास. माझ्या मैत्रिणी थट्टेने म्हणतात, आम्ही गृहिणी नाही, रिक्षावाल्या आहोत! दीड किलोमीटर म्हणजे सायकलने जेमतेम आठ-दहा मिनिटे. मुलीला सायकल येते, सायकल घरात आहे, आणि तरी तिला एकटीला पाठवायचे म्हटले की पोटात गोळा येतो. ही भीती उगाच आहे असे मी मुळीच म्हणणार नाही. रस्त्यावरची वाहने, उलट्या दिशेने येणारे दुचाकीस्वार, खड्डे हे सगळे खरेच आहे. पण त्यावर आपण शोधलेला उपाय म्हणजे आपणही आणखी एक वाहन रस्त्यावर आणायचे. शिकवणी सुटताना त्या बोळात पालकांच्या गाड्यांची जी झुंबड उडते, तिच्यातून चालत जायलासुद्धा मुलांना वाट उरत नाही.

मला वाटते, मुलांना एकटे पाठवण्याआधी आपण त्यांच्याबरोबर निघायला हवे. एका घराने नव्हे, चार घरांनी मिळून. एकटी सायकल कुणाला दिसत नाही. लहानमोठ्या दहा सायकली ओळीने चालल्या की बसवालासुद्धा वेग कमी करतो, हे मी आता पाहिले आहे.

सुरुवात तीन घरांनी केली. रविवारी सकाळी साडेसहा ते साडेसात, कॉलनीतल्या आतल्या रस्त्यांवर तीन फेऱ्या आणि शेवटी इडली. (इडलीचे महत्त्व कमी लेखू नका. धाकट्या मंडळींची हजेरी तिच्यावरच अवलंबून आहे.) रविवार निवडला, कारण त्या वेळी रस्ते मोकळे असतात. नेदरलँड्समध्ये १९७३च्या तेलटंचाईत सरकारने काही रविवारी मोटारी बंद ठेवल्या होत्या आणि लोक रिकाम्या रस्त्यांवर सायकली घेऊन उतरले होते. आज त्या देशाचे सायकलप्रेम पाहून वाटते की तिथे पहिल्यापासून असेच असणार. प्रत्यक्षात त्याच सुमारास तिथे मोटारींखाली मुले दगावत होती, आणि त्याविरुद्ध आवाज उठवणाऱ्यांत मुलांचे आईवडील पुढे होते. मोठमोठे मार्ग नंतर झाले.

आमच्याकडे मात्र पहिल्याच रविवारी एक वेगळीच अडचण पुढे आली. वडील मंडळी सायकली घेऊन आली, मुले आली, आणि आया हातात पाण्याच्या बाटल्या घेऊन फाटकाशी उभ्या. शेजारच्या वहिनी सफाईने मोटार चालवतात, पण सायकल येत नाही. तिसऱ्या मजल्यावरच्या काकूंना लहानपणी घरच्यांनी शिकूच दिली नाही. माझ्या जाऊबाईंना लग्नाआधी येत होती, पण "आता तोल जाईल." असे आम्ही मोजले तर सहा जणी निघाल्या.

आणि इथे ती फाटकाबाहेरची सायकल आली. ती आमच्याकडे कामाला येणाऱ्या मावशींची. मावशी रोज चार किलोमीटरवरून सायकलने येतात. सायकल आहे म्हणून चार घरची कामे होतात, पायी आल्या असत्या तर दोनच झाली असती, हा हिशेब त्यांनीच मला सांगितला. लुगड्याचा काष्टा, कॅरिअरला डबा, आणि भर वाहतुकीतून येण्याचा पंधरा वर्षांचा सराव. आमच्या कॉलनीत सायकल चालवण्यातला एवढा अनुभव दुसऱ्या कुणाला नाही. मी त्यांना विचारले, "मावशी, शिकवाल का आम्हाला?" त्या आधी खूप हसल्या. मग म्हणाल्या, "शिकवीन की. पण मी सांगंल तसं करायचं, लाजायचं न्हाई." शिकवणीचे पैसे घ्यायला त्या तयार नव्हत्या. पण मुलींना नाच शिकवणाऱ्या बाईंना आपण फी देतो, मग यांना का नको? आम्ही सहा जणींनी मिळून रक्कम ठरवली आणि ती वेळच्या वेळी दिली.

मावशींची पद्धत अगदी सोपी होती. आधी सीट इतके खाली घ्यायचे की बसल्यावर दोन्ही तळपाय जमिनीला पूर्ण टेकले पाहिजेत. पायडलला पाय लावायचाच नाही. नुसते पायांनी ढकलत, बदकासारखे पुढे जायचे. चार-सहा दिवसांनी पाय आपोआप जास्त वेळ वर राहू लागतात, म्हणजे तोल आला. मग पायडल. कुणी मागून कॅरिअर धरायचे नाही, कारण धरणाऱ्यावर भरवसा बसतो आणि तो सोडत नाही. नजर चाकाकडे नको, समोर. ब्रेक दोन्ही एकदम, पण पुढचा हलक्या हाताने. नुसता पुढचा करकचून दाबला तर माणूस तोंडावर पडतो. अठ्ठावन्न वर्षांच्या काकूंना तीन आठवडे लागले. ज्या दिवशी त्या बागेला एक पूर्ण वळसा घालून आल्या, त्या दिवशी त्यांना उतरता येईना, म्हणून त्यांनी आणखी दोन वळसे घातले!

बायकांच्या सायकल शिकण्याला आपल्या देशात मोठा इतिहास आहे, तो मुलींना जरूर सांगा. तामिळनाडूच्या पुदुक्कोट्टई जिल्ह्यात १९९०नंतरच्या पहिल्या दोन-तीन वर्षांत साक्षरता मोहिमेचा भाग म्हणून खेड्यापाड्यांतल्या हजारो बायका सायकल शिकल्या. शेतमजूर, दगडाच्या खाणीत काम करणाऱ्या, अंगणवाडी सेविका अशा सगळ्या. पुढे मूल, मागे पाण्याची घागर किंवा बाजाराचे ओझे घेऊन त्या फिरू लागल्या. बसची वाट पाहणे संपले, कुणी नेऊन सोडण्याची गरज संपली. बिहारमध्ये २००६ साली नववीतल्या मुलींना सायकलसाठी दोन हजार रुपये देण्याची योजना सुरू झाली. पुढे अर्थशास्त्रज्ञांनी अभ्यास केला तेव्हा दिसले की माध्यमिक शाळेत नाव घालणाऱ्या मुलींचे प्रमाण त्यामुळे जवळजवळ एक तृतीयांशाने वाढले, आणि शाळा लांब असलेल्या गावांत तर फरक जास्त पडला. आपल्या मुलींची शाळा सुटत नाही हे खरे. पण "बाबा सोडतील तेव्हाच जायचे" ही सवय शहरातही लागतेच.

घरात विरोध होतो, तो कुठून होईल सांगता येत नाही. माझ्या सासूबाई काही बोलल्या नाहीत, उलट ह्यांनीच विचारले, "आता या वयात कशाला?" या वयात म्हणूनच, असे मी सांगितले. मोठ्या माणसांना आठवड्याला किमान दीडशे मिनिटे आणि मुलांना दिवसाला सरासरी तासभर अंग हलवणारा व्यायाम हवा, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. ह्यांची दीडशे मिनिटे टीव्हीसमोर जातात. आता तेही येतात, इडलीसाठी का होईना.

खर्चाचे म्हणाल तर नवी सायकल घ्यायची घाई करू नका. आमच्या सतरापैकी अकरा सायकली कोपऱ्यावरच्या सायकलवाल्याने चालत्या केल्या. ट्यूब, ब्रेकचे गट्टू, चेनीला तेल, चाकाचा आऊट काढणे, एवढेच. शिवाय आम्ही अदलाबदल केली. लहान झालेली सायकल खालच्या मजल्यावर, तिथली त्याहून लहान पलीकडच्या विंगमध्ये. मांजरीची सायकल मात्र तिची पिल्ले मोठी होईपर्यंत तशीच ठेवली.

नियम दोन-चारच ठेवले आहेत. मुलांच्या डोक्यावर हेल्मेट, भुवयांच्या वर दोन बोटे येईल इतके पुढे आणि पट्टा बांधलेला. डाव्या बाजूने, एकामागे एक. पुढे एक मोठे माणूस, मागे एक. उभ्या मोटारीपासून हातभर अंतर, कारण दार केव्हा उघडेल याचा नेम नसतो. आणि कुत्री मागे लागली तर पळायचे नाही. उतरायचे, सायकल मध्ये धरायची आणि चालत जायचे. हा शेवटचा नियम मावशींचा, आणि आमच्या कॉलनीत सगळ्यात उपयोगी पडलेला.

आता त्या फाटकाचे. आमच्या सोसायटीच्या फलकावर कित्येक वर्षे लिहिलेले होते की बाहेरच्या व्यक्तींनी वाहने व सायकली आत लावू नयेत. त्यामुळे मावशींची सायकल ऊनपावसात खांबाला. दोनदा तिचे सीट चोरीला गेले. या जानेवारीच्या सभेत आम्ही सहा शिष्यिणींनी विषय मांडला. एक गृहस्थ म्हणाले, उद्या सगळेच लावतील. काकू उठून म्हणाल्या, "लावू देत. कामाला येणाऱ्या सात जणींच्या सात सायकलींना मिळून तुमच्या एका मोटारीएवढी जागा लागते." ठराव झाला. फलक बदलला, जिन्याजवळ लोखंडी कठडा बसला.

मुलगी मार्चपासून शिकवणीला सायकलने जाते, कॉलनीतल्या आणखी चौघींबरोबर. पहिला महिना मी मागून सायकलने जात असे. आता जात नाही. वाटेत एकच जागा बिकट आहे, मुख्य रस्ता ओलांडण्याची. तिथे पादचारी पट्टे आणि गतिरोधक हवा असा अर्ज चाळीस सह्यांनिशी दिला आहे. तोवर संध्याकाळी सव्वासहा वाजता तिथे आमच्यापैकी एक जण शिट्टी घेऊन उभी राहते. मंगळवार माझा, गुरुवार काकूंचा. शनिवारी कुणी मिळत नाही.