शेऱ्याचा रकाना

केंद्र सरकारच्या कारकुनाने छंद बाळगू नये, असा नियम निदान आमच्या तरी वाचनात आलेला नाही. म्हणूनच हिवाळ्यातील रविवारी सकाळी आम्ही करोल बागेतून मेट्रोने निघतो, राजीव चौकात गाडी बदलून काश्मिरी गेटला उतरतो आणि यमुनेच्या घाटावर कुरव पाहत उभे राहतो. सोबत आमची नऊ वर्षांची कन्या व तिची नोंदवही असते.

धुके विरळ होऊ लागले की लोक नावेतून शेव उधळतात. तळलेली शेव पाखरांच्या हिताची नव्हे. परंतु ऐकतो कोण? पाखरे आरडत झेपावतात. ती सारी सायबेरियाची, असे नावाडी ठासून सांगतात. थव्यात पुष्कळसे काळ्या डोक्याचे कुरव असतात. मात्र हिवाळ्यात त्यांचे डोके पांढरे होते. कानामागे काळसर ठिपका तेवढा उरतो. नाव एक आणि रूप दुसरे! परप्रांती राहणाऱ्यांस याचे नवल वाटू नये.

गेल्या माघात त्यांत एक निराळा दिसला. इतरांचे डोळे काळे, याचा फिकट; कानामागचा ठिपका जेमतेम. आमच्या काळजाचा ठोका चुकला. फिकट डोळा आणि स्वच्छ पांढरे डोके ही सडपातळ चोचीच्या कुरवाची लक्षणे. तो हिवाळ्यात कच्छ-सौराष्ट्राच्या किनाऱ्यावर येणारा. दिल्लीत त्याचे दर्शन दुर्मीळ. "लिही!" आम्ही म्हणालो. कन्येने ठळक अक्षरांत लिहिले. ही वार्ता कोणाकोणास सांगायची, याची यादीही आमच्या मनात तयार झाली.

तोच पक्षी उडाला. पंखांची टोके काळीभोर आणि त्या काळ्यात आरशासारखे शुभ्र ठिपके. सडपातळ चोचीच्या कुरवाच्या पंखाची पुढली कड पांढरी असते. हे आरसे तपकिरी डोक्याच्या कुरवाचे. मग चोचही जाड दिसू लागली. लडाख-तिबेटच्या उंच सरोवरांवर वीण करणारा आणि हिवाळ्यात येथे नेमाने उतरणारा हा पाहुणा!

साक्षीदार कोणी नव्हता. नोंद तशीच राहिली असती, तर कोणी विचारणारही नव्हते. क्षणभर आम्ही गप्प राहिलो, हे येथे कबूल करतो. कन्या मात्र आमच्या तोंडाकडे पाहत होती. अखेर सांगून टाकले. तिचा चेहरा उतरला.

"मग खोडू, बाबा?"

"खोडून काळे करू नये. एक रेघ मार, आधीचे वाचता आले पाहिजे. खाली खरे नाव लिही."

"आणि सही?"

कचेरीत दुरुस्तीखाली सही करण्याचा प्रघात आम्हीच तिला शिकविला होता. चूक आमची होती. आम्ही वही घेतली, सही केली, तारीख घातली आणि शेऱ्याच्या रकान्यात लिहिले: "पक्षी उडेपर्यंत थांबावयास हवे होते."